सासूबाईंच्या नावावर गेलेली भुवई

जिन्याखालची खोली,
सोमवार, जेवणानंतर

तीर्थरूप काकूंस,

साष्टांग नमस्कार. (गुडघे तेवढे मनातल्या मनात टेकवले आहेत, कारण डावा वाकवला की उजवा रुसून बसतो. बाकीची अंगं जमिनीला लागली आहेत असं समजावं.) मी इथे बरी आहे. तुमची कंबर कशी आहे? मी दिलेली शेकायची पिशवी वापरता का, की वेष्टनसुद्धा न काढता कपाटात चांगल्या वस्तूंमध्ये ठेवून दिली? काकांचं कानातलं यंत्र चालतं ना? ते यंत्र बंद ठेवूनच कानात घालतात हे मला ठाऊक आहे, तुम्हाला ठाऊक आहे, आणि आपल्याला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक आहे. पण विचारायची रीत आहे म्हणून विचारलं. खिडकीतल्या कुंडीत एव्हाना नवीन पान उघडलं असेल. मी आले तेव्हा नुसतं टोक दिसत होतं. (हो, मी आले होते. ते पुढे येईल.)

आयुष्यात पहिल्यांदाच मी तुम्हाला 'तुम्ही' म्हणते आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. गेले पाच आठवडे तुम्ही माझा फोन उचललेला नाही, आणि ज्या माणसाचा फोन उचलला जात नाही त्याने फार सलगी करू नये, एवढी अक्कल मला आहे. म्हणून हे पत्र. आता एक विनंती. तुम्ही कुठलंही पत्र हातात पडलं की उलटं करून शेवटून वाचता. लोक खरं काय ते ता. क. मध्ये लिहितात आणि वर नुसती पेरणी असते, हे तुमचं मत मला लहानपणापासून पाठ आहे. पण एवढं एक पत्र सुरुवातीपासून वाचा. माझी बाजू लांब आहे, ती शेवटून वाचली तर मी फारच वाईट दिसेन.

तर सुरुवात माश्यांपासून करायला हवी. अकरा वर्षं मी फळमाश्यांच्या पाठीवरचे केस मोजत होते हे तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही तेव्हा शेजारच्या बाईंना सांगितलं होतं की आमची भोंगी एवढं शिकून मोठ्या संस्थेत माश्या मारते, आणि त्या बिचाऱ्या बाई माझ्यासाठी नोकरी शोधायला लागल्या होत्या. खरं म्हणजे माश्या मारायला तिथे सक्त मनाई होती. त्यांना गुंगी द्यायची, पांढऱ्या ताटलीत पालथं घालायचं, बारीक कुंचल्याने एकेकीला पुढे सरकवून केस मोजायचे, आणि त्या शुद्धीवर यायच्या आत बाटलीत परत. आजोबांपासून नातवापर्यंत सगळं खानदान महिन्याभरात डोळ्यांसमोरून जातं, म्हणून जनुकं शिकायला माशी फार सोयीची. पण या कामाला एक गोष्ट लागते, ती म्हणजे तोंड बंद ठेवता येणं. एकदा दिव्याची नळी बदलायला वायरमन आला. शिडीवर चढता चढता त्याने सहज विचारलं की बाई, टक्कल आईच्या वडिलांकडून येतं हे खरं का. मी म्हटलं, अर्धं खरं. उरलेलं अर्धं सांगायला पन्नास मिनिटं लागली. तो शिडीवरच बसून राहिला, आणि तेवढ्यात माझ्या ताटलीतल्या एकशे चाळीस माश्या अंग झाडून उठल्या आणि संचालकसाहेबांच्या खोलीकडे निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी वायरमन त्याच्या मेहुण्याला घेऊन आला. दिव्याला काहीही झालेलं नव्हतं.

साहेबांनी मला बोलावून घेतलं. त्यांच्या चहात दोन माश्या होत्या (मी वाकून पाहिलं, आमच्याच होत्या, लाल डोळ्यांच्या). ते फार शांतपणे म्हणाले की बाई, तुमच्या बोलण्याने आत बसून विज्ञानाचं नुकसान होतंय, तेव्हा यापुढे ते बाहेर जाऊन बोला. अशा रीतीने आमच्या संस्थेत लोकविज्ञान विभाग स्थापन झाला. विभाग म्हणजे मी, आणि जिन्याखालची ही खोली. इथे आधी मोडके सूक्ष्मदर्शक ठेवत, ते अजूनही आहेत, मी त्यांच्यामध्ये बसते. वरून कुणी उतरलं की माझ्या टेबलावर चुना पडतो. लोकांना वाटतं मी या खात्यात बढतीवर आले. तुम्हाला पहिल्याच दिवशी फोन करून खरं सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात की बरं झालं, तुला बोलायचे पैसे मिळतात म्हणजे देव आहे.

पहिलं व्याख्यान एका वाचनालयात होतं. विषय, आपण आपल्या आईवडिलांसारखे का दिसतो. मी दहा माणसं धरून चालले होते, आली सत्तर. माझा ऊर भरून आला. मी बोलत होते आणि समोरची माणसं एकटक बघत होती, बाह्या वर करून, काही तर बोट पुढे करून. मला वाटलं प्रश्न विचारायचेत. वीस मिनिटांनी पुढच्या रांगेतल्या आजोबांनी, साखर मोजणारे डॉक्टर येणार आहेत की तुम्हालाच बोट दाखवून भागवायचं, असं विचारलं, तेव्हा कळलं की त्याच सभागृहात रक्ततपासणीचं शिबिर होतं आणि ते वरच्या मजल्यावर हललं होतं. सगळे उठून वर गेले. एक बाई मात्र राहिल्या. त्यांना जिना चढवत नव्हता. त्या एका बाईंसमोर मी उरलेला पाऊण तास पूर्ण केला, आणि शेवटी त्यांनी मला जो प्रश्न विचारला, तोच प्रश्न गेली एकोणीस वर्षं मला सगळीकडे विचारला जातो आहे. त्यांनी विचारलं, की मुलगा उद्धट आहे, हे कुणाकडून आलं?

काकू, या 'कुणाकडून' पायी माझा जीव मेटाकुटीला आला आहे. मी जनुकांबद्दल काहीही सांगो, लोकांना विज्ञान नको असतं, निकाल हवा असतो. घोरणं कुणाकडून, आळस कुणाकडून, गणित न येणं कुणाकडून. एका क्लबात नवरा-बायको पहिल्या रांगेत बसून प्रश्नोत्तरांच्या वेळी असे भांडले की मला दोघांच्या मध्ये प्रोजेक्टरची खुर्ची ठेवावी लागली. आणि इतक्या वर्षांत एकदाही, एकाही माणसाने, चांगला गुण कुणाकडून आला हे विचारलेलं नाही. ते प्रत्येकाला घरून निघतानाच माहीत असतं.

मग मी प्रयोग करून दाखवायला लागले. केळं कुस्करायचं, त्यात मीठ आणि भांडी घासायचं द्रव घालायचं, गाळायचं, वरून थंडगार स्पिरिट अलगद सोडायचं, की पांढरे धागे तरंगतात. तो केळ्याचा डीएनए. लोक अगदी खूश होतात. एका बाईंनी विचारलं की केळ्यातून निघाला तसा नवऱ्यातून निघेल का. मी म्हटलं निघेल, पण कुस्करायला परवानगी नाही. एका सभागृहात मात्र मी जोशात बरणी हलवली आणि झाकण नीट लागलेलं नव्हतं. अर्धं केळं व्यवस्थापकांच्या कोटावर आणि उरलेलं त्यांच्या संस्थापकांच्या तसबिरीवर. तिथे परत बोलावणं आलेलं नाही.

या सगळ्यात मला एकच गोष्ट खरी जमली, आणि ती म्हणजे चूक करणं. मुद्दाम चूक करणं. सभागृह पेंगायला लागलं की मी गंभीर चेहऱ्याने सांगते, मुलाला आईकडून सगळं मिळतं आणि बापाकडून फक्त आडनाव. की निम्मं सभागृह ताडकन जागं होतं. वडील मंडळी उभी राहून माझी चूक दुरुस्त करतात, आणि ती दुरुस्त करता करता, निम्मं आईचं निम्मं बापाचं हे जे मी तासभर घसा फोडून सांगत असते, ते स्वतःच्या तोंडाने बोलून जातात. माणूस ऐकलेलं विसरतो, दुसऱ्याची काढलेली चूक विसरत नाही. साहेब याला 'आमच्या विभागाची पद्धत' म्हणतात आणि वार्षिक अहवालात लिहितात. ही पद्धत मी कुठे शिकले हे मात्र अहवालात नाही. (तुम्ही आता मान हलवली असेल. थांबा, तिथेच येते आहे.)

आता तक्ता. लोकांना माश्यांच्या खानदानात रस नसतो, माणसांच्या असतो, म्हणून मी आपल्याच घराचा तक्ता करून भिंतीवर लावायला लागले. बायका गोल, पुरुष चौकोन, आणि ज्यांना वाकडी करंगळी आहे ते रंगवलेले. आजीची करंगळी वाकडी, बाबांची वाकडी, माझी वाकडी. काकांची सरळ, म्हणून तुमच्या चिरंजीवांची, आपल्या दादाची, सरळ. इथपर्यंत सगळं शास्त्रशुद्ध आहे, कुणीही येऊन करंगळ्या मोजाव्यात. पण सोळा वर्षांपूर्वी एका व्याख्यानात मी वायरमनची गोष्ट सांगत होते, आणि ऐन रंगात मी डावी भुवई वर चढवली, मांडीवर थाप मारली, आणि गप्प झाले. तुम्हाला माहीत आहे ती गंमत, माणसं श्वास धरून बसतात. तेवढ्यात मागून एक बाई म्हणाल्या, ही भुवई कुणाकडून आली हो तुमच्यात? मी बोलण्याच्या ओघात होते, हातात काठी होती, काठी तक्त्यावर होती, आणि ती आजीच्या गोलावर जाऊन टेकली. हशा पिकला. टाळ्या पडल्या. काकू, टाळ्या फार वाईट. करंगळीला कधी टाळ्या पडल्या नव्हत्या. त्या दिवसापासून भुवई आजीच्या गोलावर बसली ती बसलीच. मी, जी एकोणीस वर्षं लोकांना सांगत फिरते की बाबांनो, प्रत्येक सवय रक्तातून येत नाही, तीच मी रोज, ज्या भुवईने हे सांगायचे तीच भुवई रक्तातून आली म्हणून सांगत होते.

आणि मग ती पाच आठवड्यांपूर्वीची सभा. आमचा विभाग ठेवायचा की बंद करायचा हे ठरवायला तीन तज्ज्ञ आले होते. मोठं सभागृह, तीन माइक, चित्रीकरण, आणि पहिल्या रांगेत टाय लावून आपला दादा. त्याला मीच बोलावलं होतं. दिवसभर लोकांची तोंडं उघडी ठेवून हा दातांचा डॉक्टर एकटाच बोलत असतो, तेव्हा म्हटलं एकदा तरी त्याने गप्प बसून ऐकावं. सगळं छान चाललं होतं. केळं बरणीतच राहिलं. बापाकडून फक्त आडनाव म्हटल्यावर खुद्द एक तज्ज्ञ उभे राहिले. शेवटी तक्ता, करंगळी, भुवई, मांडीवर थाप, टाळ्या. मग तज्ज्ञांच्या मुख्य बाई (जाड भिंगांचा चष्मा, आवाज इतका बारीक की माइकलाही वाकावं लागतं) म्हणाल्या की करंगळी समजली, भुवईला पुरावा काय. मी तोंड उघडणार, इतक्यात दादा उठला.

"पुरावा मी देतो," तो म्हणाला. "आमच्या आजीला मी पाहिलंय. ही आठ महिन्यांची असताना आजी गेली. आजी दिवसाला दोन वाक्यं बोलायची, आणि तिची भुवई कधी हललेली मला आठवत नाही. ही भुवई माझ्या आईची आहे."

मुख्य बाईंनी चष्मा वर केला आणि तक्त्याकडे पाहिलं. "तुमच्या आई यात कुठे आहेत?"

मीही पाहिलं. सोळा-सतरा वर्षं तो तक्ता मी गुंडाळते आहे, उलगडते आहे, पावसापासून पिशवीत घालून जपते आहे. त्यात काकांचा चौकोन होता. चौकोनाखालून एक रेघ सरळ खाली येत होती आणि तिच्या टोकाला दादा होता. काकांच्या शेजारी काहीही नव्हतं. काकांनी दादाला एकट्याने जन्म दिला होता. सभागृहात जे हसू सुरू झालं ते थांबेना, आणि दादा टाय धरून तसाच उभा, साठीला टेकलेला बिनआईचा दंतवैद्य. साहेब घाईघाईने उठून म्हणाले की ही मुद्दाम केलेली चूक आहे, ही आमच्या विभागाची पद्धतच आहे. मुख्य बाई म्हणाल्या, छान, मग आता ती दुरुस्त कशी करता ते आम्हाला बघायला आवडेल. आणि कागद आवरून गेल्या.

त्याच संध्याकाळी फितूर दादाने ते चित्रीकरण तुम्हाला पाठवलं. तुम्ही ते शेजारच्या बाईंना शेजारी बसवून पाहिलंत. पुढचं मला त्याच्याकडूनच कळलं. तक्त्यात आपण नाही याबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत म्हणे. फोन पालथा घातलात, आणि म्हणालात, "सहा वर्षं ती बाई दिवसाला दोन वाक्यं बोलली, त्यातलं एक माझ्या भुवईबद्दल असायचं. आता ती भुवईपण तिच्याच नावावर झाली." आणि त्या दिवसापासून माझा फोन वाजतो तेव्हा तुमचे हात कामात असतात.

मी बचाव करणार नाही असं ठरवलं होतं, पण थोडा करते. एक तर तो कागद लहान होता. आपलं कुटुंब मोठं, त्यात आत्यांची बाजू आली, आडवी जागा उरली नव्हती. दुसरं, अशा तक्त्यात ज्यांचा रक्ताने संबंध आहे त्यांनाच दाखवायची रीत असते. सुना-जावई जिथे जागा असेल तिथे, नसली तर नाहीत. हे मी ठरवलेलं नाही, शास्त्राची सोय आहे. आणि तिसरं म्हणजे साहेब म्हणाले तसं, ती मुद्दाम केलेली चूक होती असंही धरता येईल. तुम्हीही धरा. तुम्हाला तर धरायला हरकत नसावी, ती पद्धत तुमचीच.

कारण मला सगळं आठवतं, काकू. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते आणि मी बोलणं बंद केलं होतं. आज कुणाला सांगितलं तर विश्वास बसत नाही, पण भोंगी पाच महिने मुकी होती. बाबांचं बोलणं मुळातच कमी, त्यांनी मला डॉक्टरांकडे नेलं, डॉक्टरांनी घसा पाहिला आणि घसा चांगला आहे म्हणून सांगितलं. तुम्ही काहीच केलं नाहीत. रोज दुपारी मटार सोलायला घेऊन माझ्याजवळ बसायचात आणि भिंतीकडे बघून गोष्ट सांगायचात. आणि गोष्ट चुकवायचात. काल कोल्हा होता तो आज लांडगा, काल विहिरीत पडला तो आज झाडावर चढला, उंदराला शिंगं. मी ऐकून घ्यायचे आणि आतल्या आत धुमसायचे. शेवटी एका दुपारी तुम्ही मांजराला पोहत नदीपलीकडे नेलंत, भुवई वर चढवलीत, मांडीवर थाप मारलीत आणि गप्प झालात, आणि मी ओरडले की मांजर नव्हतं, ते कासव होतं. बाबा आतल्या खोलीतून धावत आले. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "असं होय? मग तूच सांग बाई पुढचं." तेव्हापासून मी सांगतेच आहे. माझं सगळं पोट त्या एका युक्तीवर चालतं.

मी तीन आठवड्यांपूर्वी घरी आले होते. काकांनी दार उघडलं आणि तुम्ही झोपला आहात असं सांगितलं. ते खोटं बोलतात तेव्हा कानातल्या यंत्राशी चाळा करतात, तो करत होते. कुंडीपर्यंत जाऊन मी परत फिरले आणि दार लावून जिन्यात उभी राहिले, कारण आतून तुमचा आवाज आला. तुम्ही शेजारच्या बाईंना साहेबांच्या चहातल्या माश्यांची गोष्ट सांगत होतात. माझी गोष्ट. दोन माश्यांच्या तुम्ही सात केल्या होत्या. साहेबांना तुम्ही कधी पाहिलेलं नाही, पण ते कप कसा धरतात ते तुम्ही बरोबर सांगितलंत. मग थाप ऐकू आली, मग ती गप्प बसण्याची जागा, मी मनात मोजलं, चार अंक, मी पण चारच मोजते. मग बाई हसल्या. मी जिन्यात उभी राहून हसले आणि मग रडले, आणि खालून दूधवाला वर येताना दिसला म्हणून चप्पल घातली. तुमच्याशिवाय मला करमत नाही. घडलेली गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय ती घडली असं वाटतच नाही. या पाच आठवड्यांत माझ्या आयुष्यात सहा विनोदी प्रसंग घडले आणि सगळे वाया गेले.

तुम्हाला आणि काकांना पुन्हा नमस्कार. कंबर सांभाळा. पिशवीचं वेष्टन काढा. पत्राच्या उत्तराची वाट बघते आहे असं लिहिणार होते, पण उत्तर लिहायची तसदी घेऊ नका, फोन वाजला की नुसता उचला आणि गप्प बसा, पुढचं मी बघते.

आपली आज्ञाधारक (हे खोटं, पण रीत आहे),
भोंगी

ता. क. — सोबत नवीन तक्ता जोडला आहे. यात काकांच्या शेजारी तुमचा गोल आहे, त्यामुळे दादाला आता आई आहे. तुमच्यापासून माझ्यापर्यंत एक रेघ काढली आहे. शास्त्रात अशा रेघेला चिन्ह नाही, म्हणून मी तुटक रेघ काढली होती. मग ती फारच तुटक वाटली म्हणून वरून गिरवली. मटाराचा डाग त्यावर चुकून पडला आहे.

ता. क. २ — तुम्ही विचाराल की भोंगीला एवढं मोठं पत्र लिहायची बुद्धी कशी झाली, नक्की काहीतरी हवं असणार. हवं आहे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ते तीन तज्ज्ञ परत येणार आहेत, दुरुस्ती बघायला. भुवईला पुरावा मागितला आहे, आणि पुरावा तुमच्या घरी बसला आहे. तुम्ही मंचावर येऊन खुर्चीत बसायचं आणि कुठलीही एक गोष्ट सांगायची. मग मी तीच गोष्ट सांगेन. बाकी लोक आपल्या डोळ्यांनी बघतील, आणि त्यांना कळेल की सगळं रक्तातून येत नाही, काही मटार सोलताना येतं. दादा गाडी घेऊन येईल. दहा मिनिटांच्या वर बोलायचं नाही. बरं, वीस.

ता. क. ३ — विभाग बंद झाला तर झाला, मी परत माश्या मोजीन. तुम्ही येणार असाल तर त्या लोकांसाठी येऊ नका.

ता. क. ४ — काकू, तू इथूनच वाचायला सुरुवात केली असशील, मला माहीत आहे. म्हणून खरं इथे लिहिते. कागद लहान नव्हता. सतरा वर्षांपूर्वी पहिला तक्ता पेन्सिलने काढला, तेव्हा त्यात तू होतीस, आणि तुझ्यापासून माझ्यापर्यंत रेघही होती. साहेबांनी वाकून विचारलं की ही रेघ कसली, या बाईंचा तुमचा संबंध काय. ज्या मला कुठल्याही प्रश्नाला पन्नास मिनिटं लागतात, ती मी म्हणाले, काही नाही. आणि रबर घेऊन तुला खोडलं. शास्त्र नव्हतं, पद्धत नव्हती, मला लाज वाटली होती. तो कागद माझ्या खणात आहे, उजेडात धरला की गोल अजून दिसतो. माझं चुकलं. आता वर जा आणि बाकीचं वाच. त्यात माश्या मी दोनच लिहिल्या आहेत, सात होत्या ही दुरुस्ती तूच करून घे.